कानांनी ऐकलेले अंतराळ

नाटकाला पडदे, वेषभूषा आणि प्रकाश यांचे साहाय्य असते. नभोनाट्याजवळ यांपैकी काहीच नसते. त्याचा सारा भार आवाजावर. असे असता जे अंतराळ त्या काळी कोणी पाहिलेही नव्हते, ते श्रोत्यांपुढे कसे उभे करावे? अमेरिकेतील एन.बी.सी. या नभोवाणी संस्थेच्या 'एक्स मायनस वन' या मालिकेपुढे हाच प्रश्न होता. अग्निबाण सोडताना आकडे उलटे मोजतात, त्यावरून तिला हे नाव मिळाले. १९५५ ते १९५८ या काळात चाललेल्या या मालिकेसाठी मासिकांतून प्रसिद्ध झालेल्या अनेक विज्ञानकथांना अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स यांनी नाट्यरूप दिले.

टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स', म्हणजे 'निष्ठुर समीकरणे', ही कथा त्यांपैकीच एक. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ती छापली गेली व पुढील वर्षी २५ ऑगस्टला नभोवाणीवरून सादर झाली. दूरच्या एका ग्रहावर सहा माणसे तापाने मरणोन्मुख झाली आहेत. त्यांच्यासाठी लस घेऊन एक लहानसे यान निघाले आहे. यानात इंधन आहे ते अगदी मोजून दिलेले. त्यात एक मुलगी लपून बसली आहे. त्याच ग्रहावर दुसऱ्या तुकडीत काम करणाऱ्या भावाला तिला भेटायचे आहे. पकडले गेल्यास दंड भरावा लागेल, एवढीच तिची समजूत! परंतु तिच्या वजनामुळे इंधन अपुरे पडणार. यान कोसळले तर चालक, ती स्वतः आणि ते सहा रुग्ण, कोणीच वाचणार नाही. चालक दुष्ट नाही. उलट तिला वाचविण्याचा मार्ग तो कळवळून शोधतो. मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी मात्र तिला वाचविणारे शेवट परत पाठविले, असे सांगतात. त्यांचा हा आग्रह योग्यच होता, कारण ती वाचली असती तर कथेत उरले काय असते?

ही कथा कानांसाठीच जन्मली असावी, असे वाटते. घटनास्थळ म्हणजे एक अरुंद खोली, आणि तिच्यात बोलणारी दोनच माणसे. कपाटात कोणीतरी आहे हे छापील कथेत उष्णतामापकाचा काटा मुकाट्याने सांगतो. नभोनाट्यात मात्र अशी प्रत्येक गोष्ट शब्दांत किंवा ध्वनीत आणावी लागते. अडचण आहे ती एवढीच.

शिवाय मूळ कथेतही मुलीला भाऊ दिसत नाही. बिनतारी यंत्रावरून त्याचा आवाज तेवढा तिला ऐकू येतो. घरी नभोवाणी यंत्रापाशी बसलेला श्रोता आणि ती मुलगी येथे एकाच स्थितीत असतात; दोघांनाही केवळ ऐकता येते. निरोपाला वेळही थोडाच मिळतो. ग्रह स्वतःभोवती फिरत असल्यामुळे भावाचा तळ हळूहळू क्षितिजापलीकडे जाऊ लागतो, तसतसा त्याचा आवाज क्षीण होतो, शब्द तुटू लागतात, आणि मग यंत्रातून काहीच ऐकू येत नाही.