घरी 'मुस्तफा'चं मशीन बनवायचंय? आधी मॉनिटर, मग प्लायवूड

नव्वदच्या दशकातल्या पोरांचा 'मुस्तफा' म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. त्याचं मशीन घरी बनवता येतं; फसतं ते मापात. सुतार आधी पेटी ठोकतो आणि मग स्क्रीन बसतच नाही. म्हणून जुना चौकोनी मॉनिटर आधी घ्या, फ्रेमसकट मोजा. या गेमला प्रत्येकी एक जॉयस्टिक, मारायला आणि उडी मारायला दोनच बटणं पुरतात (कॉइन आणि स्टार्टची वेगळी). पण खेळतात तिघं! तीन जण शेजारी उभे करूनच पॅनेलची रुंदी ठरवा, नाहीतर कोपरं लागणारच. मागे हवेसाठी जाळी हवी. हिंगोलीत वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, त्यामुळे खालच्या कप्प्यात छोट्या यूपीएसपुरती जागा सोडा.