मायक्रोस्कोपच्या फोटोतला रंग बदलला तर चालतो का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ग्रुप मीटिंगमध्ये पेशींचा लाल-हिरवा फोटो दाखवला. एक सीनियर म्हणाला, "मला दोन्ही सारखंच दिसतंय." त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. रंग बदलायला मी फोटोशॉप उघडलं आणि जाता जाता एक फिकट पेशीही जरा उजळ केली. गाइडनी तिथेच थांबवलं. का, ते बघा.

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपचा कॅमेरा सहसा कृष्णधवल असतो. तो प्रत्येक पिक्सेलला फक्त एक आकडा देतो. 16-बिट फाइलमध्ये 0 ते 65535 मधला. लाल, हिरवा हे रंग सॉफ्टवेअर नंतर चढवतं. म्हणजे तुमचा डेटा आहे तो आकडा, रंग नव्हे.

म्हणून रंग फिजी सॉफ्टवेअरमध्ये बदला. 'लुकअप टेबल्स'मधून लालऐवजी मॅजेन्टा निवडला की आकडे तेच राहतात, फक्त दिसणं बदलतं. हिरवा आणि मॅजेन्टा जिथे एकत्र येतात तिथे पांढरं दिसतं. माझ्या सीनियरलाही आता फरक कळतो.

एकच पेशी उजळ करणं मात्र डेटा बदलणं झालं. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' 2002 पासून स्वीकारलेल्या पेपरमधले फोटो अशाच फेरफारांसाठी तपासतं. ब्राइटनेस वाढवायचा तर पूर्ण फोटोचा, आणि कंट्रोलचाही तेवढाच. फिजीत तिथलं 'अप्लाय' दाबलंत तर आकडेच बदलतात, हे लक्षात ठेवा.

मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीवर काम करा आणि काय केलंत ते त्याच दिवशी वहीत लिहा.