न दिसणारा दोरा



गोधडी हा शब्द उच्चारला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक घर आणि दोन हात उभे राहतात. माझ्यापुढें माझ्या आईचे हात उभे राहतात. दुपारचें जेवणखाण उरकलें म्हणजे ती माजघरांत जुनीं लुगडीं अंथरून बसे आणि कडेपासून आंत येत येत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जाई. तो दोरा पांढरा, चांगला जाड, आणि दिसावा म्हणूनच घातलेला असे. त्यामुळें न दिसणाऱ्या दोऱ्यानें मशीनवर गोधड्या शिवतां येतात, असें जेव्हां एका मैत्रिणीनें मला सांगितलें, तेव्हां मला प्रथम हंसूंच आलें. शिवण दिसायचीच नसेल तर गोधडीची शोभा ती कोणती? परंतु पुढें अशी वेळ आली कीं मला त्याच दोऱ्याकडे वळावें लागलें, आणि अज्ञानामुळें एक मोलाची वस्तु मीं बिघडविलीहि. तो अनुभव व त्यानंतर मिळविलेली माहिती मी आज आपणांपुढें ठेवणार आहें.

आई गेल्यानंतर तिचीं नऊ लुगडीं आम्हां तिघी बहिणींच्या वांट्यास आलीं. नेसण्याजोगें त्यांतलें एकहि उरलें नव्हतें, आणि टाकवत तर कोणालाच नव्हतें. तेव्हां सगळ्यांचे चौकोन कापावे, ते मिसळून सांधावे आणि तिघींसाठीं तीन गोधड्या कराव्या, असें ठरलें. हातानें शिवण्याइतकी दृष्टि आतां आमच्यापैकीं कोणाचीच राहिलेली नाहीं. म्हणून मशीन हाच उपाय होता. अडचण आली ती रंगाची. काळी चंद्रकळा, शेजारीं पांढरें, त्याच्या शेजारीं हिरवें, मग कुंकवाच्या रंगाचें. यांवरून सलग जाणारी शिवण कोणत्या दोऱ्यानें घालावी? पांढरा दोरा चंद्रकळेवर ओरखड्यासारखा उमटे, आणि काळा दोरा पांढऱ्यावर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसे. शिवाय हाताच्या टांक्यांत जो मऊपणा असतो तो मशीनच्या टांक्यांत नसतो. तो अखंड रेघेसारखा उठून दिसतो. अशा वेळीं स्वतःचा रंगच नसलेला दोरा हवा.

मी दुकानांत गेलें आणि पारदर्शक दोरा मागितला. मण्यांच्या माळा ओवण्याची तंगूस मला मिळाली, आणि तीच मी घेऊन आलें. शिवतांना सारें ठीक दिसलें. पण पहिल्याच धुण्यानंतर चंद्रकळेच्या दोन चौकोनांना शिवणीच्या रेषेवरच चीर पडली, जणूं कोणी ब्लेड फिरविलें होतें. तंगूस मात्र जशीच्या तशी शाबूत!

शिवणकामांतला एक साधा नियम मी विसरलें होतें. दोरा नेहमीं कापडाहून थोडा अशक्त असावा. ओढाताण झाली कीं दोघांपैकीं एकाला हार खावी लागते. दोरा तुटला तर दहा मिनिटांत नवी शिवण घालतां येते. कापड फाटलें तर तें परत येत नाहीं. आणि कापड आईच्या लुगड्याचें असेल तर बाजारांतूनहि आणतां येत नाहीं.

आतां हा दोरा आहे तरी काय, हें पाहूं. आपला नेहमींचा सुती दोरा म्हणजे कापसाच्या आंखूड तंतूंना पीळ देऊन केलेला धागा. न दिसणाऱ्या दोऱ्यांत पीळ नाहीं आणि अनेक तंतुहि नाहींत. तो एकच अखंड तंतु असतो. वितळलेला रासायनिक रस बारीक छिद्रांतून दाबून काढतात, थंड करतात आणि ताणून बारीक करतात. त्याच्यांतून प्रकाश आरपार जातो, म्हणून खालच्या कापडाचा रंग हाच त्याचा रंग होतो.

हा रस मुख्यतः दोन प्रकारचा. पहिला नायलॉनचा. अमेरिकेंतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखालीं तो २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं प्रथम तयार झाला. १९३८ सालीं त्याचे दांत घासण्याच्या ब्रशाचे केस निघाले, आणि मे १९४० मध्यें अमेरिकेच्या बाजारांत त्याचे पायमोजे आले. दुसरा पॉलिएस्टरचा. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं त्यापासून तंतु काढला, आणि पुढें टेरिलीन या नांवानें तो घरोघर पोंचला.

गोधडीच्या कामीं हा दोरा प्रथम रुजला तो अमेरिकेंत. तेथेंहि हातशिवणीलाच मान असे, आणि मशीनचें काम म्हणजे घाईचें काम, अशी समजूत होती. १९८० नंतरच्या दशकांत हॅरिएट हारग्रेव्ह या शिक्षिकेनें वर न दिसणारा दोरा आणि खालीं सुती दोरा घालून हातशिवणीसारखा उठाव मशीनवर कसा आणावा, हें तेथील स्त्रियांना शिकविलें. १९८९ सालीं केंटकी संस्थानांतल्या पॅड्यूका येथील मोठ्या प्रदर्शनांत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणारी ती तेथील पहिली मशीनवर शिवलेली गोधडी होय. तेव्हांपासून मशीनला कमी लेखणें हळूहळू मागें पडलें.

दोन्ही प्रकारांपैकीं आपण कोणता घ्यावा? नायलॉन मऊ असतो आणि अधिक ताणला जातो. पण ऊन त्याला सोसत नाहीं. उन्हानें व काळानें तो पिंवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आपल्याकडे पावसाळा संपला कीं गोधड्यांना गच्चीवर चांगलें ऊन देण्याची चाल आहे, आणि ती सोडण्याचें कारण नाहीं. दुसरी गोष्ट इस्त्रीची. इस्त्रीवर तीन ठिपक्यांची जी खूण असते ती सुमारें २०० अंश सेल्सियसची. दोन ठिपक्यांची १५० अंशांची, आणि एका ठिपक्याची ११० अंशांची. नायलॉनच्या दोन मुख्य जातींपैकीं एक सुमारें २२० अंशांवरच वितळते, आणि त्याच्या बऱ्याच आधीं मऊ पडूं लागते. म्हणजे सुती कापडाची कडक इस्त्री आणि दोऱ्याचा नाश यांत फारसें अंतर राहिलें नाहीं. पॉलिएस्टर सुमारें २५५ ते २६० अंशांपर्यंत टिकाव धरतो आणि उन्हापुढेंहि पुष्कळ अधिक टिकतो. म्हणून आपल्या हवेला आणि आपल्या रीतीला पॉलिएस्टरचाच दोरा बरा, असें माझें मत झालें आहे. तरीहि इस्त्री दोन ठिपक्यांच्या पुढें नेऊं नये, आणि मध्यें एक सुती फडकें ठेवावें.

रिळावर दोऱ्याची जात छापलेली नसेल तर घरींच परीक्षा करावी. हातभर दोरा सुती कापडाच्या दोन तुकड्यांमध्यें ठेवून वर दहा सेकंद गरम इस्त्री दाबावी. दोरा आक्रसला, चिकटला किंवा नाहींसा झाला तर तो गोधडीच्या उपयोगाचा नाहीं.

जाडीकडे तर अवश्य पाहावें. चांगला न दिसणारा दोरा मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या भागाइतका, म्हणजे डोक्याच्या जाडशा केसाएवढा असतो. हातांत घेऊन सोडला कीं तो केसासारखा लोंबला पाहिजे. तारेसारखा ताठ उभा राहिला तर तो ओवण्याचा दोरा समजावा, शिवण्याचा नव्हे. दोन्ही हातांनीं झटका देऊन पाहावा. सहज तुटला तर भिऊं नका, तोच आपल्या जुन्या कापडाचा मित्र. रंगांत दोन प्रकार मिळतात. एक अगदीं स्वच्छ, तो फिक्या कापडासाठीं. दुसरा धुरकट, तो गडद कापडासाठीं. काळ्या चंद्रकळेवर स्वच्छ दोरा चकाकतो, धुरकट मात्र मिसळून जातो. दोन्ही दोरे कापडावर टाकून खिडकीपाशीं उभें राहून पाहावें. दुकानांतल्या दिव्याखालीं खरा प्रकार कळत नाहीं.

आतां मशीनकडे वळूं. पहिली गोष्ट म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण सैल करावा. हा दोरा रबरासारखा थोडा ताणला जातो. ताण अधिक असेल तर शिवतांना तो लांबतो आणि शिवण झाल्यावर पुन्हां आंखडतो. मग कापडाला चुण्या पडतात. नेमका ताण कळण्यासाठीं त्याच कापडाचा, त्याच अस्तराचा आणि तेवढ्याच थरांचा वीतभर नमुना शिवून पाहावा. वरच्या बाजूस बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके दिसूं लागले तर वरचा ताण अजून जास्त आहे. खालच्या बाजूनें बोट फिरवावें. दोऱ्याचे फांस बोटाला लागले तर ताण फार सैल झाला. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोऱ्याचा दोष बोटालाच कळतो.

बॉबिनमध्यें हा दोरा सहसा भरूं नये. तेथें अस्तराच्या रंगाचा बारीक सुती दोरा असावा. न दिसणारा दोरा बॉबिनवर ताणून गुंडाळला गेला म्हणजे मागाहून आंखडतो, आणि त्या दाबानें प्लॅस्टिकची बॉबिन वांकडी होते. भरणें भागच पडलें तर अगदीं सावकाश, आणि अर्धीच भरावी.

सुई बारीक घ्यावी. नऊ किंवा अकरा नंबरची. जाड सुईनें जुन्या कापडाला भोंक मोठें पडतें, आणि सुती दोरा तें जसें भरून काढतो तसें हा बारीक दोरा काढीत नाहीं. सुईत दोरा ओवतांना सुईमागें पांढरा कागद धरावा आणि दोऱ्याच्या टोंकाला शाईचें बोट लावावें. रीळ नेहमींच्या जागीं ठेवलें तर दोरा उसळून खालीं उतरतो व दांडीभोंवतीं गुरफटतो. म्हणून तें मशीनमागें एका पेल्यांत उभें ठेवावें. काम संपल्यावर टोंक रिळाला रंगीत चिकटपट्टीनें डकवून ठेवावें. नाहींतर दुसऱ्या दिवशीं तें शोधण्यांत अर्धा तास जातो.

शिवण सावकाश घालावी. या बाबतींत आपलीं जुनीं पायमशीनें फार उपयोगी, कारण वेग आपल्या पायाच्या स्वाधीन असतो. इंचाला दहा ते बारा टांके पुरेत. थर आधीं कच्च्या टांक्यांनीं नीट धरून ठेवावे. हा दोरा गुळगुळीत असल्यामुळें त्याची गांठ सुटते; म्हणून शिवणीच्या आरंभीं आणि शेवटीं पांचसहा टांके अगदीं लहान, जवळजवळ एकावर एक घालावे. शिवण शक्य तों दोन चौकोनांच्या सांध्याच्या खांचेंतून न्यावी. तेथें ती खरोखरच दिसेनाशी होते, आणि चौकोन मात्र उशीसारखा फुगून वर येतो.

एक गोष्ट मात्र विशेष कळकळीनें सांगावयाची आहे. लहान मुलाच्या दुपट्याला हा दोरा कधींहि वापरूं नये. शिवण उसवून दोऱ्याचा फांस सुटला आणि तो तान्ह्या मुलाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला, तर आंतला रक्तप्रवाह अडतो आणि बोट सुजतें. केसाचा किंवा दोऱ्याचा असा वेढा बसल्याचीं उदाहरणें डॉक्टरांना ठाऊक आहेत. साधा दोरा निदान दिसतो तरी. हा तर सुजेंत रुतल्यावर दिसतहि नाहीं. मूल एकसारखें रडतें आणि कारण कोणालाच उमगत नाहीं. म्हणून पाळण्यांतल्या मुलासाठीं सुती दोरा, तोहि बारीक टांक्यांचा, हाच नियम ठेवावा. आणि मूल उगीच रडत असेल तर त्याचीं बोटें उघडून पाहावीं.

जेथें टांकाच दागिना आहे, तेथेंहि या दोऱ्याचें काम नाहीं. एकरंगी कापडावर कमळ, कोयरी किंवा साधे चौकडे शिवायचे असतील तर दोरा खुशाल दिसूं द्यावा. न दिसणारा दोरा हा नोकरासारखा आहे. दुसऱ्याची शोभा राखणें एवढेंच त्याचें काम. त्याला यजमानाच्या पाटावर बसविलें तर दोघांचीहि फजीती होते.

माझ्या बिघडलेल्या गोधडीचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. तंगूस मीं टांक्याटांक्याला कापून काढली. त्याला चार दुपारी लागल्या. फाटलेल्या दोन चौकोनांखालीं नव्या मलमलीचे तुकडे लावले आणि धुरकट पॉलिएस्टरच्या दोऱ्यानें, सैल ताणावर, सगळी गोधडी पुन्हां शिवली. तिला आतां दोन पावसाळे लोटले. पुष्कळदां धुऊनहि नवी चीर पडलेली नाहीं. चारी कडांना मात्र मशीन लावलें नाहीं. आम्ही तिघी बहिणी एका रविवारीं जमलों, एकेक कड वांटून घेतली, आणि चौथी कड माझ्या भाचीला दिली. तिनें यापूर्वीं हातांत सुई धरली नव्हती. त्या कडांना जाड पांढरा दोरा घातला. भाचीचे टांके वांकडे आले आहेत, आणि ते दुरूनहि दिसतात. ते तसेच राहूं दिले आहेत.

आपल्या घरींहि पेटींत अशीं कांहीं लुगडीं असतील. त्यांना कात्री लावण्यापूर्वीं एक वीतभर नमुना शिवून पाहा, तो धुऊन पाहा, आणि मगच पुढें जा, एवढीच विनंती.