गट पास झालाय, फायनल बाकी आहे!

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी मैदानाला गेलाय ना? चिठ्ठी निघते, तास ठरतो. गटात पहिली आलेली गाडी सेमीला, सेमीतली पहिली फायनलला. म्हणजे तीच बैलजोडी एका दिवसात तीनदा पळवायची. गट पास झाला की पोरं नाचतात, पण मोठं बक्षीस फायनललाच.

(पुणे जिल्ह्यातल्या घाटात मात्र एकेक बारी घड्याळावर पळते. तोही वेगळाच नाद!)

फॉर्म्युला वनमध्ये तेच. शनिवारी पात्रता फेरीत पहिला येणाऱ्याला रविवारी सगळ्यात पुढची जागा मिळते, पण गुण शून्य. रविवारी जिंकणाऱ्याला 25. 2022 ला हंगेरीत पोलवर होता जॉर्ज रसेल आणि जिंकला दहाव्या जागेवरून सुटलेला मॅक्स व्हर्स्टॅपन.

आता आपला धंदा. पहिली ऑर्डर म्हणजे गट पास, आणि मी तिथंच फसलो. एका दुकानदाराची ऑर्डर आली, मी हातातले सगळे पैसे छापील पाकिटांत घातले. बिल मिळालं 45 दिवसांनी. दुसरी ऑर्डर 20 व्या दिवशीच आली होती, कच्च्या मालाला पैसे नव्हते. ती दुसऱ्याकडे गेली.

म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा : पैसे किती दिवसांनी? पुढचा माल कधी लागेल? मधला खर्च खिशात नसेल तर अर्धीच ऑर्डर घ्या, लाजू नका.