उजव्या हाताचं संगीत

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी आणि कॉर्क या दोन काउंट्यांच्या सीमेवर, श्लीव लूखरा नावाचा डोंगराळ आणि दलदलीचा मुलूख आहे. पॉड्रिग ओ'कीफ (१८८७–१९६३) तिथला शाळामास्तर. शाळेत त्याचा जीव कधी रमला नाही. १९२०च्या सुमारास नोकरी गेली आणि पुढची चाळीसेक वर्षं तो खेडोपाडी पायी हिंडत, घरोघरी फिडल शिकवत राहिला. शिकणारी मुलं शेतकऱ्यांची. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना कोण शिकवणार? मग मास्तरानं स्वतःचीच लिपी काढली. पाच रेघांमधल्या चार जागा म्हणजे वाद्याच्या चार तारा. त्या जागेत लिहिलेला आकडा म्हणजे बोट. शून्य दिसलं की तार मोकळी, एक दिसला की तर्जनी. शिष्यांनी असे कागद वर्षानुवर्षं जपून ठेवले.

त्या कागदावर डाव्या हाताची बोटं नेमकी सापडतात. गजाला कुठे दाब द्यायचा, कुठे तो तारेवरून नुसता सरकू द्यायचा, कुठल्या मात्रेला किंचित ढकलायचं, हे मात्र मास्तर वाजवत असताना कान देऊन उचलावं लागे. आणि या संगीतात अर्ध्याहून अधिक ऐवज तिथेच आहे.

फिडल हे काही वेगळं वाद्य नाही. तेच व्हायोलिन, त्याच चार तारा. फरक वाजवण्यात आहे, आणि प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तो पहिल्या दहा सेकंदांत कळेल. तिथे गज गळ्याच्या मागोमाग जातो. इथे तो पायांच्या मागोमाग जातो. आयरिश खेड्यातल्या एखाद्या स्वयंपाकघरात टेबल-खुर्च्या भिंतीला लावलेल्या, जोड्या नाचताहेत, तालवाद्य कुठलंच नाही आणि कोपऱ्यात एकटा फिडलर. धूनही त्यानंच वाजवायची, ठेकाही त्यानंच धरायचा. दोन्हींचा भार गजावर.

धुनांचे प्रकारही नाचावरूनच ठरले. ‘जिग’ सहाच्या हिशेबात चालते, तीन-तीनच्या दोन गटांत. दादरा माहीत असलेल्याला ती परकी वाटणार नाही. ‘स्लिप जिग’ नऊची. ‘रील’ चारच्या चालीची, सगळ्यांत वेगवान आणि आज सगळ्यांत जास्त वाजणारी. श्लीव लूखरात मात्र अजूनही पोल्का आणि ‘स्लाइड’ यांचं राज्य आहे. बहुतेक धुनांचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मापांचा आणि प्रत्येक दोनदा वाजायचा. नाचाच्या वेगात अशी एक रील अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. म्हणून ती दोन-तीनदा वाजवून, मध्ये श्वासही न घेता, दुसऱ्या धुनेत उडी मारायची. ही उडी चांगली साधली की नाचणाऱ्यांच्या अंगात नवा जोम येतो.

एवढ्या छोट्या जागेत वादक करतो काय? हरकती. एखाद्या स्वरावर बोट निमिषभर वरून टेकवून उचललं की ‘कट’. एकाच स्वराभोवती वरचा आणि खालचा शेजारी गुंडाळून पाच स्वरांचा वेढा घातला की ‘रोल’. गजाच्या तीन झटपट फटक्यांनी एक स्वर फोडला की ‘ट्रेबल’. व्हायोलिनचे पाश्चात्त्य विद्यार्थी ज्याच्यावर वर्षं घालवतात तो स्वराचा सततचा कंप इथे जवळपास नसतो. हात गळपट्टीवर खालीवर धावत नाही. बहुतेक धुना पहिल्याच जागी बोटं ठेवून वाजतात. शेजारची मोकळी तार मात्र मधूनच गुणगुणत ठेवली जाते.

आणखी एक गोष्ट मराठी रसिकांना विशेष रुचावी. ‘डी’ हा षड्ज मानला, तर जुन्या वादकांचा निषाद पुष्कळदा ना कोमल असतो ना शुद्ध. दोहोंच्या मधोमध कुठेतरी तो ठेवलेला असतो. पियानोवर हा स्वर नाहीच. साथीला पियानो आला, की हा स्वर हळूहळू एका बाजूला ढकलला जातो.

पियानोची साथ आली ती ध्वनिमुद्रिकांबरोबर. स्लायगो काउंटीतला मायकल कोलमन (१८९१–१९४५) १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावला. १९२१ ते १९३६ या काळात त्यानं ७८ वेगाच्या तबकड्यांच्या सुमारे ऐंशी बाजू भरल्या. गिऱ्हाईक होते अमेरिकेतले आयरिश मजूर आणि मोलकरणी. त्याच तबकड्या टपालानं आणि सामानातून मायदेशी पोचल्या. साथ करणाऱ्या काही पियानोवादकांना धून कुठे वळते याचा पत्ता नसे, हे आज ऐकतानाही लपत नाही. पण कोलमनचा गज त्यांना ओढत पुढे नेतो. लांब, जोडून घेतलेले फटके, त्यांत पेरलेले रोल आणि हलकी झुलती लय हा स्लायगोचा ढंग. तोच बघता बघता साऱ्या देशाचा नमुना झाला.

त्याचा एक पुरावा आजही कुठल्याही मैफलीत मिळतो. १९३४ मध्ये कोलमननं एका बाजूवर ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील्स सलग वाजवल्या. तबकडीवर तीन मिनिटंच मावत, म्हणून हा हिशेब. तबकड्या गेल्या, मर्यादा गेली, पण पहिली सुरू झाली की उरलेल्या दोघी त्याच क्रमानं येतात.

हे भलं झालं की बुरं? दोन्ही. कोलमन, त्याच काउंटीतला जेम्स मॉरिसन आणि त्यांच्यासारखे न्यूयॉर्कचे वादक नसते, तर पुष्कळ धुना नुसत्या विरून गेल्या असत्या. पण गावोगावच्या तरुणांना घरातल्या म्हाताऱ्याचा गज अचानक गावंढळ वाटू लागला. उत्तरेकडचं डोनेगॉल या लाटेपासून बरंचसं अलिप्त राहिलं. तिथला जॉन डोहर्टी (मृत्यू १९८०) फिरस्त्या कल्हईवाल्यांच्या घराण्यातला. पत्र्याची भांडी करायची, रात्री मुक्कामाच्या घरी तिथलंच फिडल मागून घ्यायचं आणि वाजवायचं. त्याचे फटके आखूड, तुटक आणि धारदार. डोनेगॉलचे मजूर हंगामी कामाला स्कॉटलंडला जात, त्यामुळे तिथल्या बॅगपाइपचा बाज या भागाच्या फिडलमध्ये उतरला.

कागदावरचा मोठा संग्रहही अमेरिकेतच झाला. कॉर्कमध्ये जन्मलेला फ्रान्सिस ओ'नील १९०१ ते १९०५ शिकागो पोलिसांचा प्रमुख होता. चांगला वादक दिसला की त्याला पोलिसात चिकटवायची त्याची ख्याती. त्याला स्वतःला स्वरलेखन नीट जमत नसे. ते काम जेम्स ओ'नील नावाच्या सहकाऱ्यानं केलं. १९०३च्या ग्रंथात १८५० धुना आहेत, १९०७च्या पुस्तकात १००१. पुस्तक समोर धरून, कानानं कधी काही न ऐकलेल्या माणसानं त्यातली रील वाजवली, तर सगळे स्वर बरोबर येतील आणि कुणाचा पाय हलणार नाही.

इकडे मायदेशी १९३५ मध्ये सार्वजनिक नाचघरांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. धर्मगुरूंचा त्याला पाठिंबा होता, आणि स्वयंपाकघरातले नाचही त्याच्या कचाट्यात सापडले. कामासाठी लंडनला गेलेले आयरिश मजूर दुसऱ्या महायुद्धानंतर कॅम्डन टाऊनसारख्या वस्तीतल्या पबमध्ये जमून वाजवू लागले. मायकल गॉर्मन हा स्लायगोचा फिडलर त्यांच्यातला एक. जिला आज ‘सेशन’ म्हणतात आणि पर्यटक हजारो वर्षांची परंपरा समजतात, ती रीत मुख्यतः अशी घडली. नाचणारे नाहीत, व्यासपीठ नाही, टेबलाभोवती वादक. धून माहीत नसेल तर फिडल मांडीवर ठेवून ऐकायचं. चाचपडत वाजवणाऱ्याकडे कुणी रागानं बघत नाही, पण बघतात.

नाच सुटल्यावर लय मोकळी झाली. पूर्व क्लेअरचा मार्टिन हेज याच मोकळिकीतला. त्याच्या ‘लाइव्ह इन सिअ‍ॅटल’ (१९९९) या मुद्रणात डेनिस केहिलच्या गिटारच्या साथीनं एक मालिका अर्ध्या तासाच्या जवळपास चालते. सुरुवात इतकी संथ की नाचणं अशक्य. कोलमनच्या तीन मिनिटांच्या तबकडीनंतर ही चैनच.

स्कॉटलंडची गोष्ट निराळ्या वळणानं गेली. हायलँड्समधून हुसकावले गेलेले शेतकरी कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर वसले आणि फिडल सोबत घेऊन गेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं बेटावरचा फिडलर नामशेष होत असल्याचा माहितीपट काढला. बेटवासी चिडले. १९७३ मध्ये ग्लेनडेल इथे उत्सव भरला आणि शंभराहून अधिक फिडलर एकत्र वाजवायला उभे राहिले. याच बेटावरचा बडी मॅकमास्टर (१९२४–२०१४) रेल्वेत स्टेशनवर नोकरी करून रात्री नाचांना वाजवत असे. निवृत्तीनंतर त्याला स्कॉटलंडच्या स्काय बेटावर शिकवायला बोलावणं आलं. केप ब्रेटनवर जपलेला गज हा खरंच अठराव्या शतकातल्या हायलँड्सचा, की कॅनडात घडलेला, यावर स्कॉटिश अभ्यासकांचे वाद चालू आहेत. वर्ग मात्र भरले.