तिथीचं गाणं

पुण्यात डिसेंबर जवळ आला की 'सवाई'च्या तिकिटांची विचारपूस सुरू होते. पण हा महोत्सव मुळात महोत्सव नव्हताच, ती पुण्यतिथी होती. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी वगैरे शिष्यमंडळींनी गुरूच्या नावानं गाणं केलं. रामभाऊंचं कुंदगोळ हे जमखंडीच्या पटवर्धनांच्या संस्थानातलं लहानसं गाव. तसल्या गावांत मैफलीला निमित्त लागायचं ते तिथीचं. कधी कुणा बुवांची पुण्यतिथी, कधी पिराचा उरूस, कधी देवीचं नवरात्र. पुण्यानं ती रीत उचलली, मांडव मोठा केला, खुर्च्या मांडल्या. मूळ रीत मात्र दक्षिण महाराष्ट्रातल्या लहान गावांत अजून चालू आहे, आणि माझ्या मते आपल्या शास्त्रीय संगीताचा पाया तिथंच आहे.

मिरजच घ्या. या गावात गाणं आलं ते दुखण्याच्या वाटेनं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) दम्यानं बेजार होते. मिरजेची कोरडी हवा मानवते म्हणून ते इथं राहिले. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे फटाक्यानं भाजले, त्याला उपचारासाठी मिरजेला आणलं. दृष्टी पुरती सुधारेना, तेव्हा डॉ. भडभडे यांनी सुचवलं की पोराला गाणं शिकवा. तो बाळकृष्णबुवांकडे शिकला. हा मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज तालुक्याच्या गावातला गायनाचा क्लास ज्या 'प्रारंभिक ते विशारद' परीक्षांवर तग धरून असतो, त्यांचं मूळ शोधत गेलं तर ते या फटाक्यापर्यंत जातं.

तिसरे अब्दुल करीम खाँ. जन्म कैराण्याचा, नोकरी बडोद्याच्या दरबारात, पण जीव रमला मिरजेत. प्लेगच्या आजारातून ख्वाजा मीरासाहेबांच्या कृपेनं ते वाचले, असं गावात सांगतात. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली बसून ते उरुसात गात. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनात त्यांचं निधन झालं. देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केला. तेव्हापासून उरुसातली संगीत सभा त्यांच्या स्मरणात भरते. गाणाऱ्यांच्या लेखी तो कार्यक्रम नसतो, ती 'हजेरी' असते. हजेरीला बिदागीची घासाघीस करायची नसते.

 उरूस हिजरी कालगणनेनं येतो, त्यामुळे दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी परीक्षांच्या दिवसांत, कधी ऐन थंडीत. शहरातला संयोजक अशा तारखेला हात लावणार नाही, कारण प्रायोजकाला वर्षभर आधी तारीख हवी असते. मिरजेला ती अडचण वाटत नाही. शिवाय अंबाबाईचं नवरात्र आहेच, त्यातही रोज रात्री गाणं.

औंधची गोष्ट वेगळी आहे. खटाव तालुक्यातलं हे गाव, भाग दुष्काळी. पण संस्थानाच्या गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, त्यांनी उभारलेलं भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आजही आहे. त्यांच्या पदरी अंतुबुवा जोशी गायक होते. १९४० साली अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ आश्विन वद्य पंचमीला गाणं सुरू केलं. आठ वर्षांत संस्थान विलीन झालं, राजाश्रय संपला. गाणं थांबलं नाही. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा, गायक आणि व्हायोलिनवादक, यांनी ते चालवलं, त्यांच्यानंतर शिष्यांनी. राजा गेला तरी तिथी राहिली, कारण ती राजाची नव्हतीच. दिवाळीच्या तोंडावर, घरोघरी भाजणी दळून येत असते त्या दिवसांत लोक औंधची वाट धरतात.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. लहान गावातल्या मैफलींचा खरा शत्रू सत्कार. शाल, श्रीफळ, तीन मनोगतं, आणि मग गायकाला सांगायचं की थोडक्यात आवरा. दुसरा शत्रू साउंडवाला. त्याचा हात ऑर्केस्ट्रावर बसलेला, त्यामुळे ख्यालालाही तो सढळ हातानं इको देतो. आणि पहिल्या दोन रांगा कुणासाठी राखून ठेवलेल्या असतात, ते न सांगितलेलं बरं.

आता साजांकडे वळतो. मिरजेतले तंबोरे-सतार करणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. तलवारी गेल्यावर यांचे हात भोपळ्याकडे वळले, आणि फरीदसाहेबांपासून 'सतारमेकर' हेच आडनाव झालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या मळ्यांतून. ते वाळवायचे, कापायचे, भिजवून आकारात आणायचे. पण तंबोऱ्याची किंमत ठरते ती घोडीवर. तार टेकते त्या बोटभर पट्टीचा उतार कारागीर कानसीनं घासत जातो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. तो केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज मुका होतो, आणि नेमक्या जागी आला की एकाच तारेतून स्वरांची झुंबड उठते. यालाच जवारी काढणं म्हणतात. हे मोजपट्टीनं होत नाही, कानानंच होतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नक्कल रोखायला ते उपयोगी आहे. पण कारागिरापुढचा पेच नकलेचा कमी आणि मोबाइलचा जास्त. रियाजाला तंबोऱ्याचं अॅप पुरतं. एसटीतून तंबोरा नेणं ही शिक्षाच असते, हेही खरं. त्यामुळे लहान गावांतही गायकामागे आता पुष्कळदा एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी गुणगुणत असते.

तोटा फक्त कारागिराचा असता तरी एक वेळ चाललं असतं. गायकामागे तंबोऱ्यावर बसणं हा गावातल्या विद्यार्थ्याला मिळणारा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा धडा होता. बुवा श्वास कुठं घेतात, तबल्याला डोळ्यानं काय सांगतात, समेच्या आधी काय टाळतात, हे पुढच्या रांगेतून दिसत नाही, दोन हातांवरून दिसतं. अॅपनं ती जागाच काढून घेतली. ज्या गावांनी तिथी टिकवली आहे त्यांनी ही जागाही टिकवावी. निदान दोन खरे तंबोरे ठेवावेत, ते धरणाऱ्या पोरांची नावं तबला-पेटीच्या नावांबरोबर पत्रिकेत छापावीत, आणि सत्कार कापून पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या एकाला सुरुवातीची वीस मिनिटं द्यावीत.