इंडियन एअरलाइन्स फ्लाइट ४९१

इंडियन एअरलाइन्स फ्लाइट ४९१ हे दिल्लीहून जयपूर, उदयपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे थांबे घेत मुंबईस जाणारे देशांतर्गत प्रवासी उड्डाण होते. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उड्डाण करताना हे विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावरच्या मालमोटारीस धडकले आणि पुढे जाऊन कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, तर ६३ जण बचावले.

अपघात

व्हीटी-ईसीक्यू या नोंदणीच्या बोइंग ७३७-२०० विमानात ११२ प्रवासी व ६ कर्मचारी होते. दुपारी १ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास विमान धावपट्टी क्रमांक ०९ वरून पूर्वेकडे धावू लागले. ते जमिनीपासून सुटले तेव्हा धावपट्टी जवळजवळ संपली होती. टोकापलीकडून बीड रस्ता आडवा जात होता व त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेली मालमोटार चालली होती. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४१० फुटांवर, रस्त्यापासून जेमतेम ७ फूट उंचीवर असताना विमानाची डावीकडील मुख्य चाके व डाव्या इंजिनाचा खालचा भाग मालमोटारीवर आदळला. त्यानंतर सुमारे ३ किलोमीटर अंतरावर उच्चदाब वीजतारांना धडकून विमान जमिनीवर कोसळले.

उड्डाणाचे गणित

विमानाचे वजन, हवेचे तापमान, वारा व धावपट्टीची लांबी यांवरून प्रत्येक उड्डाणापूर्वी काही वेग निश्चित केले जातात. त्यांपैकी एका वेगास वैमानिकाने विमानाचे नाक उचलावयाचे असते. ताशी २५० किलोमीटर वेगाने धावणारे विमान एका सेकंदात सुमारे ७० मीटर अंतर कापते. त्यामुळे नाक उचलण्यास तीन सेकंदांचा विलंब झाला, तर धावपट्टीचे दोनशे मीटर खर्ची पडतात. नाक योग्य गतीने उचलले नाही, तरी परिणाम तोच होतो. उन्हाळ्यातील तप्त हवा विरळ असल्याने पंखांना मिळणारा आधार व इंजिनाची शक्ती कमी होते आणि विमानास अधिक लांब धाव घ्यावी लागते. दख्खनच्या पठारावरील उंच ठिकाणी हा परिणाम आणखी वाढतो. कोरड्या धावपट्टीवरून उड्डाणाची आखणी करताना, उपलब्ध अंतर संपेपर्यंत विमान किमान ३५ फूट उंची गाठेल, असा हिशेब धरला जातो.

चौकशीचे निष्कर्ष

चौकशीत अपघाताची दोन कारणे नमूद करण्यात आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले कारण. उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणास आलेले अपयश, हे दुसरे.

ही दोन्ही कारणे परस्परांपासून स्वतंत्र होती. रस्ता मोकळा असता तर कमी उंचीवरील विमान मालमोटारीस धडकले नसते. तसेच विमानाने अपेक्षित उंची गाठली असती तर ते मालमोटारीवरून निघून गेले असते. रेल्वे फाटकाप्रमाणे रस्त्यावरील वाहने उड्डाणापुरती थांबवणे, ही वैमानिकाच्या संभाव्य चुकीपासून संरक्षण देणारी व्यवस्था होय. विमानवाहतुकीच्या सुरक्षेत अशी एकापाठोपाठ एक संरक्षणे अपेक्षित असतात. औरंगाबादेत ती एकाच वेळी निकामी ठरली.

नंतरचा काळ

१ एप्रिल १९९५ रोजी राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणांचे विलीनीकरण होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. चिकलठाणा विमानतळाची धावपट्टीही पुढे वाढवण्यात आली.